विश्लेषण : दंतवैद्य मिळेना, मग दात भरणार कोण? ब्रिटनमध्ये ‘डेंटल थेरपिस्ट’ची चर्चा का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात, सेंट पॉल्स भागातील एका दवाखान्यासमोर शेकडो लोकांची रांग लागली. रांग इतकी लांबली की पोलिसांनाही तिथे यावे लागले. हे सगळे लोक एकाच कामासाठी आले होते : सरकारी योजनेतून उपचार करणाऱ्या नव्या दंतवैद्याकडे आपले नाव नोंदवणे. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ‘बीबीसी’ने देशभरातील दवाखान्यांशी संपर्क साधून केलेल्या पाहणीत दहापैकी नऊ दवाखाने ‘एनएचएस’चे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवेचे, नवे प्रौढ रुग्ण घेत नसल्याचे आढळले होते.

दंतवैद्यांच्या या टंचाईवर उपाय शोधताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. प्रत्येक दात दंतवैद्यानेच तपासायला आणि भरायला हवा का? कारण ही कामे शिकलेले, परवाना असलेले ‘डेंटल थेरपिस्ट’ आणि ‘डेंटल हायजिनिस्ट’ ब्रिटनमध्ये आधीपासून आहेत. त्यातील अनेक थेरपिस्ट दिवसभर फक्त दात साफ करण्याच्या कामात अडकलेले असतात. हे असे का झाले, आता काय बदलते आहे आणि भारताशी याचा काय संबंध, ते समजून घेऊ.

डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल थेरपिस्ट कोण असतात?

दोघेही डॉक्टर नसतात आणि डॉक्टरांच्या हाताखालचे मदतनीसही नसतात. ब्रिटनमध्ये दंतवैद्यांप्रमाणेच त्यांचीही नोंदणी ‘जनरल डेंटल कौन्सिल’ या नियामक संस्थेकडे होते. चूक झाली तर त्यांच्यावर स्वतंत्रपणे कारवाई होते आणि त्यांना स्वतःचा विमा किंवा तत्सम संरक्षण घ्यावे लागते. दंतवैद्याचे शिक्षण पाच वर्षांचे असते, तर हायजिनिस्ट-थेरपिस्टची पदवी साधारण तीन वर्षांची. आता बहुतेक विद्यार्थी दोन्ही कामे एकत्रच शिकतात.

हायजिनिस्टचे मुख्य काम हिरड्यांचे. दातांवरचा थर आणि हिरड्यांखाली साचलेला कठीण थर काढणे, फ्लोराइडचा लेप लावणे, दाढांच्या खाचा बुजवणे, घासण्याची योग्य पद्धत शिकवणे, तंबाखू-सिगारेट सोडण्याबाबत सल्ला देणे. हे सगळे थेरपिस्टही करतो. त्याशिवाय त्याला पुढील कामांची परवानगी आहे :

• दुधाच्या आणि कायमच्या, दोन्ही प्रकारच्या दातांमध्ये फिलिंग करणे
• दुधाचे दात काढणे
• दुधाच्या दाताच्या नसेवर मर्यादित उपचार करणे
• दुधाच्या दातावर तयार धातूची टोपी बसवणे

दोघेही तोंडाची तपासणी करू शकतात, एक्स-रे काढू शकतात, बधिरीकरणाचे इंजेक्शन देऊ शकतात आणि आपल्या कार्यकक्षेपुरते निदानही करू शकतात. मात्र कायमचा दात काढणे, कायमच्या दाताचे रूट कॅनल, कवळी किंवा ब्रिज बसवणे ही कामे त्यांच्या कार्यकक्षेत येत नाहीत.

ही कल्पना आली कुठून?

न्यूझीलंडमधून. पहिल्या महायुद्धासाठी सैनिक भरती करताना तेथील तरुणांच्या दातांची अवस्था किती वाईट आहे, हे सरकारच्या लक्षात आले. लष्करी दंतसेवेत काम केलेले थॉमस हंटर यांनी मांडलेली योजना साधी होती. तरुणींना दोन वर्षांचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांना शाळांमध्ये पाठवून मुलांचे दात तिथेच भरायचे. १९२१ मध्ये वेलिंग्टन येथे पहिली तुकडी सुरू झाली. या ‘स्कूल डेंटल नर्स’ पायाने चालवायच्या यंत्रावर मुलांचे दात कोरत. मुलांनी या शालेय दवाखान्यांना ‘मर्डर हाऊस’ असे नाव ठेवले होते! तरीही ही सेवा टिकली, देशभर पसरली आणि पुढे अनेक देशांनी तिचे अनुकरण केले.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलाने हायजिनिस्ट तयार केले. थेरपिस्टसारखे काम करणाऱ्या ‘डेंटल ऑक्झिलरी’चे पहिले प्रशिक्षण केंद्र १९६० मध्ये लंडनच्या न्यू क्रॉस रुग्णालयात सुरू झाले. पण त्यांना फक्त रुग्णालये आणि सार्वजनिक दंतसेवेतच काम करता येत असे. न्यू क्रॉसचे केंद्र १९८३ मध्ये बंद पडले. गल्लोगल्लीच्या सर्वसाधारण दवाखान्यांचे, म्हणजे प्राथमिक सेवेचे, दार थेरपिस्टसाठी उघडायला २००२ साल उजाडले.

२०१३ मध्ये नेमके काय बदलले?

तोपर्यंत हायजिनिस्ट किंवा थेरपिस्टकडे जायचे तर आधी दंतवैद्याने तपासून, उपचाराची चिठ्ठी लिहून देणे बंधनकारक होते. १ मे २०१३ पासून जनरल डेंटल कौन्सिलने ही अट काढून टाकली. रुग्णाला थेट थेरपिस्टची वेळ घेता येऊ लागली. त्याच्या आदल्या वर्षी बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ने आपल्या अहवालात हीच शिफारस केली होती.

कागदावर हा मोठा बदल होता. पण त्याचा फायदा मुख्यतः खासगी पैसे मोजणाऱ्या रुग्णांना झाला. एनएचएसच्या योजनेत उपचार ‘सुरू’ करण्याचा, म्हणजे रुग्णाची पहिली तपासणी करून उपचाराची योजना आखण्याचा, अधिकार प्रत्यक्षात दंतवैद्याकडेच राहिला. नियामक संस्थेने परवानगी दिली, पण पैसे देणाऱ्या यंत्रणेने दार लावून ठेवले, अशी ही स्थिती होती. ती जवळपास दहा वर्षे टिकली.

मग घोडे अडले कुठे? पैशांचे गणित काय?

इंग्लंडमध्ये २००६ पासून दंतवैद्यांना ‘यूनिट ऑफ डेंटल अॅक्टिव्हिटी’ म्हणजे ‘यूडीए’ या एककानुसार पैसे मिळतात. २०२२ पर्यंत तपासणी आणि साध्या उपचारासाठी एक यूडीए, फिलिंग, रूट कॅनल किंवा दात काढणे यासाठी तीन, टोपी किंवा कवळीसारख्या कामासाठी बारा अशी विभागणी होती. वर्षभरात ठरलेले यूडीए पूर्ण झाले नाहीत तर दवाखान्याला पैसे परत करावे लागतात.

अडचण अशी होती की एका फिलिंगलाही तीन यूडीए आणि सहा फिलिंगनाही तीनच. दात जास्त किडलेले असतील तितका वेळ जास्त, पैसे मात्र तेवढेच. आता यात थेरपिस्ट आणून बघा. त्याला साधारणपणे तासाच्या हिशेबाने पैसे द्यावे लागतात. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळी खुर्ची आणि शक्यतो मदतीला एक डेंटल नर्स लागते. समजा, चार दात किडलेल्या मुलासाठी त्याने दीड तास घालवला, तरी तेव्हा दवाखान्याच्या हाती पडत तीनच यूडीए. त्यापेक्षा त्याच थेरपिस्टला खासगी रुग्णांचे दात साफ करायला बसवणे दवाखान्याला जास्त परवडते.

परिणाम असा झाला की फिलिंग शिकून आलेला थेरपिस्ट वर्षानुवर्षे हायजिनिस्टचेच काम करतो. हात वापरात राहिला नाही की कौशल्य गंजते. मग पुढे संधी मिळाली तरी फिलिंग करायला आत्मविश्वास उरत नाही. सरकारी खर्चातून मिळालेले प्रशिक्षण असे वाया जाते.

२०२२ नंतर कोणते बदल झाले?

नोव्हेंबर २०२२ पासून यूडीएची विभागणी सुधारण्यात आली. तीन किंवा अधिक दातांचे फिलिंग अथवा ते काढणे यासाठी तीनऐवजी पाच आणि दाढेच्या रूट कॅनलसाठी सात यूडीए मिळू लागले.

जानेवारी २०२३ मध्ये ‘एनएचएस इंग्लंड’ने मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले, की थेरपिस्ट आणि हायजिनिस्ट आपल्या कार्यकक्षेत राहून स्वतः उपचार सुरू करू शकतात आणि पूर्णही करू शकतात. त्यासाठी आधी दंतवैद्याने रुग्णाला पाहणे गरजेचे नाही.

तिसरा बदल औषधांचा. बधिरीकरणाचे इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण असूनही त्यासाठी दंतवैद्याचा लेखी निर्देश किंवा तशी आधी मंजूर केलेली व्यवस्था लागत असे. ‘थेट भेट’ असूनही इंजेक्शनसाठी शेजारच्या खोलीतल्या दंतवैद्याची सही हवी, असा विचित्र प्रकार होता. २६ जून २०२४ पासून कायद्यात बदल झाला. आवश्यक प्रशिक्षण घेतलेल्या हायजिनिस्ट आणि थेरपिस्टना बधिरीकरणाची औषधे, तीव्र फ्लोराइडची टूथपेस्ट अशी ठरावीक औषधे स्वतःच्या अधिकारात देता येऊ लागली. प्रतिजैविकांच्या गोळ्या लिहून देण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही.

जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एनएचएसच्या दीर्घकालीन मनुष्यबळ आराखड्यात या दोन्ही अभ्यासक्रमांच्या जागा २०३१-३२ पर्यंत ४० टक्क्यांनी वाढवून ५१८ करण्याचे उद्दिष्ट होते. एनएचएसच्या दंतसेवेतील साधारण ५ टक्के काम तेव्हा थेरपिस्ट आणि हायजिनिस्ट करत होते. पंधरा वर्षांत हे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज त्यात मांडला होता.

प्रत्यक्ष दवाखान्यात काम कसे वाटले जाते?

एक उदाहरण घेऊ. समजा, सात वर्षांच्या मुलीची दाढ किडली आहे. थेरपिस्ट तिला तपासतो, एक्स-रे काढतो. कीड नसेपर्यंत पोहोचलेली नसेल, तर ‘हॉल टेक्निक’ने दाढेवर स्टीलची तयार टोपी बसवतो. या पद्धतीत इंजेक्शन नाही, दात कोरणे नाही. कीड टोपीखाली बंदिस्त होते आणि तिची वाढ थांबते. मग आईवडिलांना खाण्यातील साखर आणि रात्रीच्या ब्रशबद्दल समजावले जाते. यात दंतवैद्याची गरज कुठेच लागली नाही.

दुसरे उदाहरण मधुमेह असलेल्या पन्नाशीतल्या गृहस्थाचे. हिरड्यांतून रक्त येते, दोन दातांना छोटी कीड आहे आणि तिसऱ्या दाढेत ठणका आहे. हिरड्यांची खोल साफसफाई आणि दोन फिलिंग थेरपिस्ट करतो. ठणकणाऱ्या दाढेचे रूट कॅनल करायचे की ती काढायची, हे दंतवैद्य ठरवतो. मधुमेह आणि हिरड्यांचे आजार एकमेकांना वाढवतात. त्यामुळे अशा रुग्णाला वरचेवर बोलवावे लागते आणि हे वेळखाऊ काम थेरपिस्ट किंवा हायजिनिस्ट सांभाळू शकतात.

तिसरा गट ज्यांचे तोंड निरोगी आहे त्यांचा. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येकाने सहा महिन्यांनी तपासणीला येण्याची गरज नाही. धोका किती यावर तीन महिने ते दोन वर्षे असे अंतर ठरते. निरोगी रुग्णांची नियमित तपासणी थेरपिस्टकडे सोपवली तर दंतवैद्याचा वेळ गुंतागुंतीच्या कामांसाठी मोकळा होतो, हा या बदलामागचा मूळ विचार आहे. त्याची निकड समजण्यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे : इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे सर्वात मोठे कारण दातांची कीड हेच आहे.

उपचारांचा दर्जा कमी होत नाही का?

हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि काही दंतवैद्यही. थेरपिस्टना कामे कमी दिली जातात, पण दर्जाचा निकष कमी केलेला नाही. फिलिंग कोणीही केले तरी नियामक संस्थेची अपेक्षा तीच असते. न्यूझीलंडसह अनेक देशांतील शंभर वर्षांचा अनुभव मुलांच्या दातांबाबत या पद्धतीच्या बाजूने आहे.

मात्र पुराव्यांची बाजू पूर्ण भक्कम नाही, हेही सांगायला हवे. वैद्यकीय संशोधनाचा काटेकोर आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ने २०१४ मध्ये या विषयावरील अभ्यास तपासले. निकषांत बसणारे केवळ पाच अभ्यास मिळाले आणि तेही कमी दर्जाचे. थेरपिस्टचे काम वाईट असल्याचे त्यातून दिसले नाही, पण ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावाही नव्हता.

मुख्य चिंता आहे ती निसटण्याची. तोंडातील एखादी जखम कर्करोगाची असेल तर ती ओळखली जाईल का? थेरपिस्टना त्यावर स्वतः उपचार करायचे नसतात. ‘हे नेहमीचे नाही’ एवढे ओळखून रुग्णाला तातडीने पुढे पाठवायचे असते. त्याचे प्रशिक्षण त्यांना दिले जाते. पण पुढे पाठवायला दंतवैद्यच उपलब्ध नसेल, तर ही साखळी तिथेच तुटते.

विरोध किंवा नाराजी कशाबद्दल आहे?

दंतवैद्यांच्या एका गटाचे म्हणणे असे, की मूळ दुखणे एनएचएसच्या अपुऱ्या मोबदल्याचे आहे. थेरपिस्ट वाढवून ते झाकले जाईल, बरे होणार नाही. दुसरीकडे थेरपिस्टांचीही नाराजी आहे. जबाबदारी वाढली, पण मोबदला आणि एनएचएसच्या निवृत्तिवेतनासारखे लाभ त्या प्रमाणात मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. कमी वेळेच्या अपॉइंटमेंट आणि मदतनीस नर्सविना काम, हीही नेहमीची कुरकुर.

रुग्णांचा प्रश्न वेगळाच असतो. आपल्याला तपासणारी व्यक्ती दंतवैद्य आहे की थेरपिस्ट, हे अनेकांना कळतच नाही. वेळ देतानाच हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. शिवाय फी दोघांकडे सारखीच. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दरानुसार इंग्लंडमध्ये प्रौढांना एनएचएसच्या तपासणीसाठी २७.४० पौंड आणि फिलिंगच्या टप्प्यासाठी ७५.३० पौंड द्यावे लागत होते. १८ वर्षांखालील मुलांना उपचार मोफत आहेत.

इतर देशांत काय स्थिती आहे?

अमेरिकेत हा विषय बराच वादग्रस्त ठरला. अलास्काच्या दुर्गम, बर्फाळ वस्त्यांमध्ये दंतवैद्य टिकत नसत. तेथील आदिवासी आरोग्य संघटनेने स्थानिक तरुणांना थेट न्यूझीलंडला पाठवून थेरपिस्ट म्हणून तयार केले. ते परतून काम करू लागल्यावर दंतवैद्यांची संघटना न्यायालयात गेली. तरीही योजना टिकली. २००९ मध्ये मिनेसोटा राज्याने थेरपिस्टना परवाना देणारा कायदा केला आणि नंतर आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे आजार आहेत. केवळ दंतवैद्यांवर विसंबून हे ओझे पेलणार नाही, प्राथमिक आरोग्य सेवेतील इतर प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनाही यात आणावे लागेल, अशी या संघटनेची भूमिका आहे.

भारताचा आणि महाराष्ट्राचा संबंध काय?

पहिला धागा थेट आहे. भारतासह परदेशांत शिकलेल्या दंतवैद्यांना ब्रिटनमध्ये दंतवैद्य म्हणून काम करायचे तर ‘ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन’ ही दोन टप्प्यांची परीक्षा द्यावी लागते. तिच्या जागा मर्यादित आणि प्रतीक्षा मोठी. त्यामुळे अनेक जण आपल्या पदवीच्या आधारे आधी थेरपिस्ट किंवा हायजिनिस्ट म्हणून नोंदणी करून घेत. मार्च २०२३ मध्ये नियम बदलले आणि दंतवैद्यकाच्या पदवीवर अशी नोंदणी करण्याचा मार्ग बंद झाला. बीडीएस करून ब्रिटनला जाण्याच्या तयारीत असलेल्यांनी जुन्या सल्ल्यावर विसंबून राहू नये.

दुसरा धागा आपल्या कायद्याचा. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्या आणि नोंदणीची तरतूद करण्यात आली. दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रमही आहे. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. पण फिलिंग करणारा थेरपिस्ट हा वर्ग आपल्याकडे नाही आणि बहुतेक दवाखान्यांत दात साफ करण्याचे कामही दंतवैद्यच करतात.

आपली अडचण ब्रिटनपेक्षा वेगळी आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि बीडीएसच्या २५ हजारांहून अधिक जागा आहेत. शहरांत एकाच रस्त्यावर चार-चार दवाखाने दिसतात, तर अनेक तरुण दंतवैद्य तुटपुंज्या पगारावर काम करतात. गावात मात्र दंतवैद्याची सोय साधारणपणे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापासून सुरू होते. त्यामुळे ‘थेरपिस्ट आणा’ म्हटले की ‘आधी बेरोजगार दंतवैद्यांना गावात पदे द्या’ हा प्रश्न आपल्याकडे रास्तपणे विचारला जाईल.

तरीही काम वाटून घेण्याचे तत्त्व इथे लागू पडते आणि काही प्रमाणात अमलातही आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांमध्ये मौखिक आरोग्याचा समावेश आहे. तिशीपुढील नागरिकांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्यसेविकांनी करायची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडी आणि शाळेतील मुलांचे किडलेले दातही पाहायचे असतात. तंबाखू, गुटखा आणि मशेरीचे प्रमाण पाहता महाराष्ट्रात ही तपासणी नुसती नोंदवहीत राहणे परवडणारे नाही.

अडचण तपासणीनंतरची आहे. दात किडलेला आढळला तर मुलाला तालुक्याच्या गावी नेणे, त्यासाठी मजुरी बुडवणे आणि पुन्हा पुढच्या तारखेला जाणे, हे अनेक पालकांना जमत नाही. न्यूझीलंडने १९२१ मध्ये हाच टप्पा शाळेतच उपचार करून गाळला होता. आपल्याकडे ते काम थेरपिस्टने करावे की दंतवैद्याने, यावर मतभेद असू शकतात. उपचार शाळेच्या किंवा उपकेंद्राच्या आवारात पोहोचवण्यासाठी पदे आणि पैसा मात्र दोन्ही पर्यायांत लागेल. ब्रिटनमध्येही परवानगी २०१३ मध्येच मिळाली होती. पैसे देण्याचे नियम बदलायला आणखी दहा वर्षे लागली आणि तोवर प्रशिक्षित माणसे दवाखान्यात असूनही रुग्ण ताटकळत राहिले.